पुढची सीट

मागच्या महिन्यात मगरिबनंतर कासुर्डीतल्या एका घरून आम्हाला निरोप आला, "सर, जरा येऊन जा, दोघा भावांचं बिनसलंय." गेलो तर अंगणात दोघे भाऊ दोन टोकांना बसलेले, मधे चहा गार होत चाललेला आणि आतल्या खोलीत चाची तस्बीह घेऊन बसलेल्या. वाटणीचा वाद असेल असे आम्हाला वाटले होते. वाद होता विमानाच्या सीटचा.

चाचींचे वय सत्तरीच्या पुढे आहे. गुडघे दुखतात, साखर आहे. उमऱ्याला जायचे ठरले. धाकटा मुलगा आणि त्याची बायको सोबत जाणार. थोरला हडपसरला असतो, धंदा बरा चालतो, पण त्याला स्वतःला निघणे जमत नव्हते. त्याने सांगून टाकले, "अम्माचं तिकीट बिझनेस क्लासचं. पैसे मी देतो." धाकटा म्हणाला, "भाई, पाच तासांसाठी तिप्पट पैसे? ही उधळपट्टी आहे." थोरला म्हणाला, "आईवर केलेला खर्च उधळपट्टी कसा?" आणि इथून पुढे आवाज चढले.

हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही. पूर्वी हजला निघणारा माणूस मुंबईला जाऊन बोटीत बसे आणि आठवडाभर समुद्रावर असे. ती बोटीची सेवा १९९५ मध्ये बंद झाली. तेव्हाही बोटीत वरचा वर्ग आणि खालचा वर्ग असे, म्हणजे हा भेद विमानाने आणला असे म्हणता येत नाही. आपल्याकडे टाटांनी १९३२ मध्ये सुरू केलेली विमानसेवा पुढे एअर इंडिया झाली, १९५३ मध्ये सरकारची झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये परत टाटांकडे गेली. सौदीची राष्ट्रीय विमानसेवा सौदिया १९४५ पासूनची. मुंबई ते जेद्दा या मार्गावर या दोन्हींची विमाने जातात. अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर, वेळ पाच-साडेपाच तास. रात्रभराचा लांब प्रवास नाही आणि पुणे-दिल्लीसारखा छोटाही नाही. अशा मधल्या प्रवासातच माणूस घोटाळतो.

आम्ही दोघांना म्हणालो, आधी काय विकत घेतो आहोत ते पाहू. ओळखीच्या एजंटला फोन लावला.

पहिली गोष्ट, बिझनेस क्लास म्हणजे प्रत्येक विमानात झोपायचा पलंग नव्हे. मधे एकच वाट असलेल्या लहान विमानात ती बहुधा रुंद, थोडी मागे कलणारी खुर्ची असते. एका बाजूला तीनऐवजी दोनच माणसे बसतात. पूर्ण आडवी होणारी सीट बहुतेक मोठ्या विमानांत, तीही सगळ्यांत नाही. साध्या वर्गात पुढच्या-मागच्या सीटमधले अंतर साधारण २९ ते ३२ इंच असते, लहान विमानाच्या बिझनेसमध्ये ३८ ते ४०. म्हणजे पायाला वीतभर जागा जास्त. दुखऱ्या गुडघ्याला ती वीतही मोठी असते, हे आम्ही नाकारत नाही. पण तिकीट काढताना विमान कोणते आणि सीट कशी हे विचारूनच पैसे द्यावेत.

दुसरी गोष्ट, काही सोयी बिझनेसच्या वाटतात, पण त्या सगळ्यांनाच मिळतात. व्हीलचेअर तिकिटाच्या वेळीच सांगून ठेवली की साध्या वर्गाच्या वृद्ध प्रवाशालाही मिळते, आणि व्हीलचेअरवाल्यांना विमानात आधी चढवतात. हलाल जेवण आधी कळवले की कुठल्याही वर्गात येते. साखरवाल्यांसाठीचे जेवणही तसेच. आणि परतताना झमझमचा डबा पाच लिटरचाच, पुढे बसा की मागे.

तिसरी गोष्ट, वर्ग वर गेला की कर वर जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साध्या वर्गाच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आणि वरच्या वर्गांवर १८ टक्के आहे.

चौथी गोष्ट थोरल्याने काढली. "पाय सुजतात, रक्ताची गाठ होते म्हणतात, त्याचं काय?" भीती खरी आहे. चार तासांहून जास्त वेळ बसून केलेल्या प्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले आहे. मुळात हा धोका फार थोडा असतो, पण गुठळी सीटच्या भाड्यामुळे होत नाही, एका जागी बसून राहण्यामुळे होते. म्हणून ती बसमध्ये, मोटारीतही होऊ शकते आणि बिझनेसमध्ये ढिम्म बसलेल्यालाही होऊ शकते. उपाय म्हणजे पावले हलवत राहणे, पाणी पिणे, तासा-दीड तासाने उठून चार पावले टाकणे. चाचींना उठवायला शेजारी कुणीतरी हवे, आणि धाकट्याचे म्हणणे नेमके हेच होते. "मी मागं, अम्मा पुढं, मधे पडदा. तिला बाथरूमला कोण नेणार?"

एहरामचा विषयही निघाला. जेद्दाला उतरण्याआधी विमान मीकातवरून जाते. विमान मिनिटाला साधारण पंधरा किलोमीटर कापते, म्हणजे डुलकी लागली की मीकात मागे गेलेली असते. बिनएहराम मीकात ओलांडली तर दम द्यावा लागतो. विमानात आधी घोषणा होते, पण आरामाच्या खुर्चीत झोप गाढ लागते. म्हणून नियत आणि तलबिया वेळेच्या बऱ्याच आधी करून ठेवावी, मग झोपले तरी चिंता नाही. आणखी एक. पुढच्या वर्गात गरम ओले रुमाल आणि क्रीमची छोटी थैली देतात. त्यांना बहुधा सुगंध असतो आणि एहरामात सुगंध चालत नाही. प्रेमाने दिलेला रुमाल चाची सरळ तोंडाला लावतील, आणि त्यांना अडवायला शेजारी कुणी नसेल.

एवढे ऐकून धाकटा जिंकल्यासारखा बसला. त्यालाही आम्हाला काही सांगायचे होते. सूरह बनी इस्राईल दोघांनी लहानपणी आमच्यासमोरच वाचली आहे. तेविसाव्या आणि चोविसाव्या आयतीत म्हाताऱ्या आईबापांशी नम्रतेने वागण्याचा हुकूम आहे. थोरला तिथे उभा होता. सव्विसाव्या आणि सत्ताविसाव्या आयतीत उधळपट्टीची निंदा आहे. धाकटा तिथे उभा होता. दोघे एकाच पानावर उभे राहून भांडत होते. आणि दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटली होती. त्याच सव्विसाव्या आयतीत नातेवाईक, गरीब आणि मुसाफिर यांचा हक्क आधी सांगितला आहे. पुढे एकोणतिसाव्या आयतीत हात अगदी आखडूही नये आणि अगदी मोकळाही सोडू नये, असा मधला रस्ता दाखवला आहे. आईसाठी पैसे काढणाऱ्याला उधळ्या म्हणणे सोपे असते. पण आपण रोज आईचे पाय चेपतो म्हणून दुसऱ्याने तिच्यासाठी काही करूच नये, हाही एक गर्वच आहे.

हे ऐकून थोरला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, हा रोज तिच्याजवळ आहे. मी महिन्यातनं एकदा येतो. माझ्या हातात पैसेच आहेत." हे बोलताना त्याने धाकट्याकडे पाहिले नाही. धाकट्याने गार झालेला कप उचलला आणि दुसरा चहा आणायला आत गेला. भांडण तिथेच संपले होते. उरला तो हिशोब.

पण ज्यांच्यासाठी हे सगळे चालले होते त्यांना कुणी विचारलेच नव्हते. आम्ही आत जाऊन चाचींना विचारले. त्या म्हणाल्या, "मला एकटीला पुढं बसवून काय करता रे? पाणी मागायचं तर कुठल्या भाषेत मागू? आणि ते एवढं पैसे लागतात, तर मला तिथं चालायला कमी पडंल असं काहीतरी करा की."

प्रश्न कुठे होता ते चाचींना बरोबर कळले होते. विमानातले तास पाच, मक्का-मदिनेतले दिवस चौदा. हॉटेल हरमपासून लांब असेल तर दिवसातून पाच वेळा ते अंतर गुडघ्यांनीच कापायचे. सफा आणि मरवा यांच्यामधले सात फेरे मिळून तीन किलोमीटरच्या वर जातात. तिथे ढकलायची व्हीलचेअर मिळते, वरच्या मजल्यावर विजेच्या गाड्याही मिळतात, पण त्यांना पैसे लागतात. बिझनेसच्या तिकिटाचे जास्तीचे पैसे इथे लावले तर चाचींना त्यांचा उपयोग रोज होणार होता. थोरल्याने कागदावर मांडले. हरमजवळचे हॉटेल, तवाफ आणि सईसाठी व्हीलचेअर, आणि विमानात साध्याच वर्गात पुढच्या रांगेत पायाला जास्त जागा असलेल्या तीन लगतच्या सीट, चाची वाटेच्या बाजूला. तरीही रक्कम उरली. ती त्यांच्या विधवा बहिणीच्या मुलाच्या पॉलिटेक्निकच्या फीला द्यायची, हे धाकट्याने सुचवले आणि थोरल्याने लगेच मान्य केले.

वाचकांनी यावरून बिझनेस क्लासने जाणे गैर आहे असा अर्थ काढू नये. पाठीचे ऑपरेशन झालेला, पाय दुमडता न येणारा, बराच वेळ ताठ बसू न शकणारा माणूस असेल, ऐपत असेल, कर्ज काढावे लागत नसेल आणि सोबतच्यालाही शेजारी बसवता येत असेल, तर खुशाल जावे. ती सवलत शरीराची गरज आहे. पण लाउंजमधल्या पेल्याचा फोटो स्टेटसवर ठेवण्यासाठी जायचे असेल, तर उमऱ्याच्या नियतेचा आधी विचार करावा. आणि म्हाताऱ्या माणसासाठी काही ठरवताना एकदा त्यालाच विचारावे. आपल्या घरांत हेच राहून जाते.

निघायच्या दिवशी आम्ही निरोप द्यायला गेलो होतो. थोरला दोन दिवस धंदा बंद ठेवून स्वतःची गाडी घेऊन आला होता. कासुर्डी ते मुंबईचा विमानतळ म्हणजे साडेचार-पाच तास. जेद्दाला जायला लागतो जवळजवळ तेवढाच वेळ. त्याने चाचींना आपल्या शेजारी पुढच्या सीटवर बसवले, सीट मागे केली, पायाखाली उशी दिली. "वाटेत दोनदा थांबून तिला चालवतो, सर," असे आम्हाला सांगून त्याने गाडी सुरू केली. धाकटा आणि त्याची बायको बॅगा घेऊन मागे बसले. गाडी सोलापूर रस्त्याला लागेपर्यंत आम्ही पाहत होतो. चाची त्याच्याशी काहीतरी बोलत होत्या आणि तो मान हलवत होता.

अल्लाह त्यांचा उमरा कबूल करो, आणि आपल्या सगळ्यांना आईबापांजवळ बसण्याची तौफिक देवो. आमीन.