शिक्षक, पालक, तज्ज्ञ : एकत्र बसणार कधी?

पालकसभा म्हटली की एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर येते. वर्गाच्या दाराशी रांग, टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, बाईंच्या समोर अंग चोरून बसलेली आई आणि शेजारी मान खाली घालून उभे असलेले चिरंजीव. एकेका पालकाच्या वाट्याला तीन-चार मिनिटे. 'हुशार आहे, पण लक्ष नाही', 'अक्षर सुधारायला हवे', 'घरी जरा अभ्यास घ्या' ही वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या बदललेली नाहीत. ज्याचे बरे चालले आहे त्याला एवढे पुरतेही.

पण बहुतेक वर्गांत एखादा असा मुलगा असतो, की त्याच्या बाबतीत ही तीन मिनिटे नुसती वाया जात नाहीत, ती त्याचे नुकसान करतात. समजा, तो चौथीत आहे. आग्र्याहून सुटकेची गोष्ट तोंडी विचारा, बारकाव्यांसह सांगेल. तीच लिहायला सांगा, चार ओळींत पंधरा चुका. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत गफलत, वेलांटी भलत्याच बाजूला. जोडाक्षर आले की पेन्सिल अडते. फळ्यावरचे अर्धे उतरवून होते तोवर घंटा. बाईंना वाटते, घरून लक्ष दिले जात नाही. आईला वाटते, एवढ्या मोठ्या वर्गात बाई त्याच्याकडे बघतच नसतील. वडिलांचे निदान आणि उपचार दोन रट्ट्यांत आटोपतात. शिकवणीवाल्या मॅडम तेच धडे पुन्हा दहा वेळा लिहायला देतात. प्रत्येक जण आपापल्या परीने खटपट करतो आहे, आणि प्रत्येकाला दुसऱ्याची चूक दिसते आहे.

या मुलाला कदाचित अध्ययन अक्षमता असेल. बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक, डोळे-कान ठीक, तरी वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखादे कौशल्य हाती लागत नाही. याला गतिमंदत्व म्हणत नाहीत, आळस तर नाहीच. महाराष्ट्राने ही गोष्ट फार लवकर ओळखली, याचे श्रेय द्यायलाच हवे. १९९६ पासून राज्य शासनाने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देऊ केल्या. जादा वेळ मिळू लागला, गरजेनुसार लेखनिक मिळू लागला. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणीची सोय झाली. केंद्राच्या १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात या अक्षमतेचा उल्लेखही नव्हता. तो यायला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा उजाडावा लागला.

आता ही गाडी रुळावरून कुठे घसरली ते पाहू. सवलत परीक्षेची, त्यामुळे प्रमाणपत्राची आठवण येते तीही परीक्षेच्या तोंडावर. आठवी-नववीत नापासाची भीती उभी राहिली की धावपळ सुरू होते. शाळा चिठ्ठी देते, पालक रुग्णालयाच्या रांगेत लागतात, तज्ज्ञ तपासण्या करून अहवाल देतात, तो मुख्याध्यापकांच्या कपाटात जातो आणि तिथून मंडळाकडे. तिघांनीही आपापले काम केले, कागद पूर्ण झाला. मात्र तिघे एकदाही समोरासमोर बसले नाहीत. वाचायला शिकवण्याचे वय तिसरी-चौथीचे. तेव्हा कोणी बोलले नाही, आणि नववीत बोलले ते फक्त गुणांविषयी. सवलतींना माझा विरोध मुळीच नाही. त्या नसत्या तर कितीतरी मुले दहावीच्या उंबरठ्यावरच गळाली असती. पण वाचता न येणाऱ्या मुलाला लेखनिक देणे वेगळे आणि त्याला वाचायला शिकवणे वेगळे.

कायदा कागदावर याहून शहाणा आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्राथमिक छाननीचे काम शिक्षकांवर सोपवले, तेही तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली छाननी समिती असावी, मग बालरोगतज्ज्ञांनी दृष्टी आणि श्रवण तपासावे, मानसशास्त्रज्ञांनी पुढच्या चाचण्या घ्याव्यात, असा क्रम घालून दिला. क्रम चांगलाच आहे. फक्त तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणाऱ्या फायलीचा क्रम आहे. तज्ज्ञांना जे कळले ते वर्गात कसे पोचावे आणि वर्गात जे दिसते ते तज्ज्ञांना कसे कळावे, हा परतीचा रस्ता त्यात अंधुकच राहतो.

तज्ज्ञांचा अहवाल कधी हातात घेऊन पाहिलात का? बहुधा इंग्रजीत, आकड्यांनी भरलेला. अमुक चाचणीत तमुक गुणांक. मराठी शाळेतल्या बाईंनी त्यातून सोमवारी सकाळी काय करायचे? त्यांना हवे ते साधे असते. याला पहिल्या बाकावर बसवा, फळ्यावरचे उतरवून घ्यायला लावू नका, छापील कागद द्या, सर्वांसमोर मोठ्याने वाचायला उभे करू नका, उत्तर तोंडी विचारा. असे एक पान, तेही मराठीत, अहवालाला जोडले तर शिक्षक ते नक्की वाचतील. उलट बाजूही आहे. बंद खोलीत दोन-तीन तास भेटलेल्या मुलाविषयी तज्ज्ञांना जे कळत नाही, ते रोज पाच तास त्याच्यासमोर उभ्या असणाऱ्या बाईंना ठाऊक असते. त्यांना ते विचारले मात्र पाहिजे. चाचण्यांच्या भाषेचाही प्रश्न होताच. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी 'डाली' ही चाचणी तयार केली, हा खरा दिलासा. देवनागरीत चुकणारे मूल इंग्रजीच्या मोजपट्टीने कसे मोजणार?

'तारे जमीं पर' (२००७) या चित्रपटाने डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत नेला. त्या उपकाराची जाणीव ठेवूनही म्हणावेसे वाटते, की एक चमत्कारी शिक्षक येतो आणि सगळे बदलतो, ही समजूतही त्यानेच पक्की केली. प्रत्यक्षात असा एकटा शिक्षक वर्षअखेरीस थकतो, आणि जूनमध्ये मूल दुसऱ्या वर्गात जाते.

तालुक्याच्या गावी तर तज्ज्ञ हीच दुर्मीळ वस्तू. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक एका शाळेचे नसतात. अनेक गावांच्या शाळा फिरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या ऑक्टोबरातील आदेशानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले. प्राथमिक स्तरावर दहा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक, त्यापुढे पंधरांमागे एक. हे प्रमाण आणि जिल्हा परिषदेची शाळा यांच्यामध्ये किती अंतर आहे, ते तिथल्या कोणत्याही गुरुजींना विचारावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे म्हटले आहे. तरी खिचडीचा हिशेब आणि ऑनलाइन माहितीचे तक्ते त्यांच्याच गळ्यात. अशा माणसाला 'तज्ज्ञांशी समन्वय साधा' असे परिपत्रक पाठवणे सोपे असते.

पालकांना तरी सारा दोष कसा द्यावा? 'एकदा डॉक्टरांना दाखवा' हे शाळेकडून ऐकले की पहिला विचार येतो तो 'लोक काय म्हणतील' हाच. मुलगी असेल तर तिच्या लग्नापर्यंत विचार पोचतो. शाळा काढून टाकेल ही धास्ती वेगळीच. म्हणून कितीतरी घरे अहवाल लपवतात आणि शिक्षकही, नको ती तक्रार ओढवायला, म्हणून तोंड उघडत नाहीत. दोन्ही बाजूंची ही भीती पत्राने जात नाही. समोरासमोर, मुलाला काय येत नाही याआधी काय येते हे सांगत बोलले, तर थोडी सैल होते.

यासाठी फार मोठा खर्च लागतो असे नाही. शिक्षण हक्क कायद्याने घडवलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तिच्या सभांत गणवेश, पाण्याची टाकी आणि छताची गळती यांच्याखेरीज वर्षातून दोनदा अशा मुलांचा विषय यायला हरकत काय? वेळापत्रकात महिन्याला एक तास राखून ठेवावा. त्या तासाला वर्गशिक्षक, आई-वडील आणि जमतील ते तज्ज्ञ, न जमल्यास निदान फोनवर, एकत्र असावेत. मुलाच्या नावाची एकच वही असावी. तिघांनी त्यातच लिहावे, महिन्यात काय करून पाहिले आणि काय जमले. मुलालाही पाच मिनिटे बोलू द्यावे, कारण सभेतला खरा जाणकार तोच.

ही वही पुढच्या वर्गात जाणे तर सर्वांत महत्त्वाचे. गावोगावच्या चौथीपर्यंतच्या शाळांतून मूल पाचवीला दुसऱ्या शाळेत जाते, तेव्हा त्याच्यासोबत दाखला जातो. त्यावर जन्मतारीख असते, जात असते, वर्तणुकीपुढे 'चांगली' आणि प्रगतीपुढे 'समाधानकारक' असते. त्याला वाचता का येत नव्हते आणि कशाने येऊ लागले, हे लिहायला त्या दाखल्यावर रकाना नाही.