तारण ठेवलेला हिवाळा

वेल्ह्याहून केळदकडे जाताना वाटेत पासली लागते. मार्गशीर्ष-पौषात येथील भातखाचरे रिकामी होतात, पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातात आणि पहाटेच्या धुक्यात शेकोटीचा धूर मिसळून जातो. हा शेतकऱ्याच्या विसाव्याचा काळ, असे शहरात समजले जाते. प्रत्यक्षात घरात आलेले भात पुढच्या सुगीपर्यंत पुरेल किंवा नाही, याचा हिशेब याच दिवसांत मांडला जातो. खेड्याच्या हिवाळ्यातील असाच हिशेब दूर युरोपात एका चित्रकाराने १५६५ साली रंगवला आणि त्याचे मोल देणारा एक व्यापारी होता.

चित्रकार पीटर ब्रॉयगेल. व्यापारी अँटवर्पचा निकोलास योंगेलिंक. नगराबाहेरील आपल्या घरासाठी त्याने वर्षातील ऋतुमासांची चित्रमालिका करवून घेतली. तिच्यातील ‘बर्फातील शिकारी’ हे चित्र आज व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात आहे. १५६४-६५ चा हिवाळा तिकडे असाधारण कडक गेला होता.

शिकारीचे चित्र जैन घराच्या भिंतीवर कोणी लावणार नाही, हे खरे. मात्र येथे शिकारीचे कौतुक नाही. तीन माणसे माना खाली घालून परतत आहेत. तिघांत मिळून एकच कोल्हा. मागची कुत्री थकलेली. खाणावळीची पाटी एका आकड्यावर लोंबते आहे. गोठलेल्या तळ्यांवर लोक आनंदाने घसरत आहेत. परंतु उजव्या कोपऱ्यात पाणचक्कीचे चाकही गोठले आहे, म्हणजे दळण थांबले. जवळच्या पुलावरून कोणी सरपणाची मोळी वाहून नेत आहे. ही लहानशी आकृती पासलीच्या माणसाला क्षणात ओळखू येईल. सपाट मुलखाच्या या चित्रकाराने मागे उभे केलेले कडे मात्र त्याने इटलीच्या प्रवासात पाहिलेल्या आल्प्सचे आहेत. पासलीला असे कडे सह्याद्रीने आयतेच दिले आहेत.

पुढील वृत्तांत व्यापारी घरांना अधिक जवळचा वाटेल. फेब्रुवारी १५६६ मध्ये योंगेलिंक हा डॅनिएल द ब्रॉईन याच्या १६,००० गिल्डरांच्या देण्यास जामीन राहिला आणि त्यापोटी त्याने आपला चित्रसंग्रह अँटवर्प नगरीकडे तारण ठेवला. त्यात ब्रॉयगेलची १६ चित्रे होती. दुसऱ्याच्या देण्याखाली सही करणे म्हणजे काय, हे पेढीवर बसणाऱ्यांना सांगावे लागत नाही. एका वर्षापूर्वी हौसेने करवून घेतलेली खेड्याची चित्रे अशी परक्या कर्जाच्या कागदावर गेली. नगरीच्या लेखी त्यांचे मोल तारणाएवढे. थांबलेल्या चक्कीची त्या कागदाला काय पर्वा?

१५९४ साली अँटवर्पने या मालिकेतील सहा चित्रे आर्चड्यूक अर्न्स्ट यास भेट दिली. आज पाच उरली आहेत : तीन व्हिएन्नात, एक प्रागमध्ये, एक न्यूयॉर्कमध्ये. सहावे, बहुधा वसंताचे, केव्हाच हरवले.