लेकराचं पहिलं पुस्तक

आपल्याकडे लेकराच्या हातात पहिलं पुस्तक येतं ते शाळेतून. त्या पुस्तकाबरोबरच गृहपाठ येतो, "वाच बरं मोठ्यानं" येतं, चुकलं की ओरडा येतो. मग पुस्तक म्हणजे अभ्यास आणि अभ्यास संपला की पुस्तक दप्तरात, हे गणित पोराच्या डोक्यात पक्कं बसतं. गोंदियाच्या बाजारात गेलो की आपण त्याच्यासाठी कपडे आणतो, खाऊ आणतो, दोन दिवसांत मोडणारी प्लास्टिकची मोटार आणतो. गोष्टीचं पुस्तक मात्र आणत नाही. का, असं विचारलं की दवनीवाड्यात काय किंवा तिरोड्यात काय, उत्तर एकच मिळतं: "त्याला अजून वाचता कुठं येते बाई?"

मैत्रिणींनो, ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठीच पुस्तकं लिहिणारी आणि स्वतःच त्यांची चित्रं काढणारी एक बाई आपल्या महाराष्ट्रात आहे. त्यांचं नाव माधुरी पुरंदरे. शहरातल्या वाचणाऱ्या घरांत त्या माहीत आहेत, पण आपल्याकडे अजून पुरेशा पोचलेल्या नाहीत, म्हणून आज त्यांच्याबद्दल.

माधुरीताईंचा जन्म 1952 चा. वडील शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे. त्यांची ओळख करून द्यायला नको. मला मात्र त्यांच्या आईबद्दल जास्त सांगावंसं वाटतं, कारण आपला संबंध तिथं येतो. निर्मलाताई पुरंदरे म्हणजे 'माणूस' साप्ताहिकाचे संपादक श्री. ग. माजगावकर यांची बहीण. 1981 मध्ये त्यांनी वनस्थळी ग्रामीण विकास केंद्र सुरू केलं. खेड्यातल्या, फार न शिकलेल्या बायकांना बालवाडी कशी चालवायची याचं शिक्षण द्यायचं, हे वनस्थळीचं काम. चूल, शेती, सासर सांभाळून या बायका गावातल्या पोरांना गोळा करायच्या, गाणी म्हणायच्या, गोष्टी सांगायच्या. कित्येकींना त्यातून पहिल्यांदा "ताई" अशी हाक मिळाली. त्याआधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हेच बीज पेरलं होतं, त्याच वाटेवरचं हे पुढचं पाऊल. निर्मलाताई 2019 मध्ये गेल्या. त्यांची लेकही वनस्थळीच्या कामात होती. मुलांसाठी पुस्तक लिहिणाऱ्या बाईला बालवाडीतलं पोर कसं बसतं, कसं बोलतं, किती वेळात कंटाळतं हे जवळून माहीत असणं मला फार मोलाचं वाटतं.

पण माधुरीताई सरळ बालसाहित्याकडे आल्या नाहीत. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात त्या चित्रकला शिकल्या. पुढे पॅरिसला जाऊन ग्राफिक कलेचा अभ्यास केला. पुण्यात अलियान्स फ्रान्सेजमध्ये अनेक वर्षं फ्रेंच शिकवलं. गळाही त्यांना लाभलेला. 1978 मध्ये थिएटर ॲकॅडमीनं रंगभूमीवर आणलेल्या पु. लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'त त्या होत्या, त्यांचं गाणं ऐकलेली माणसं आजही त्याची आठवण काढतात. पिकासो या चित्रकाराचं चरित्र त्यांनी मराठीत लिहिलं. व्हॅन गॉगच्या आयुष्यावरची 'लस्ट फॉर लाइफ' ही आयर्व्हिंग स्टोनची गाजलेली कादंबरी मराठीत आणली.

एवढं सगळं येणाऱ्या बाईनं पुढे काय निवडावं? तीन-चार वर्षांच्या पोराचा हात मोडतो, ही गोष्ट! यश नावाचा एक छोटा मुलगा, त्याची पुस्तकं. 'हात मोडला', 'मोठी शाळा', 'मामाच्या गावाला' अशी त्यांची नावं. नावातच सगळी गोष्ट आली. त्यात राजा नाही, राक्षस नाही, परी नाही, जादूची कांडी नाही. 'राधाचं घर' या छोट्या पुस्तकांच्या संचात राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. 'बाबांच्या मिश्या'त बापाच्या मिश्यांचं भलतंच कौतुक असलेली मुलगी आहे. 'कंटाळा' नावाचंही एक पुस्तक आहे. उन्हाळ्याच्या सुटीत दुपारी बारा ते चार पोरं आपलं डोकं कसं खातात ते आठवा, म्हणजे हा विषय किती खरा आहे ते पटेल. ज्योत्स्ना प्रकाशनानं यातली बरीच पुस्तकं काढली आहेत.

मला या पुस्तकांचं सगळ्यांत आवडतं काय, तर त्यांत शेवटी "तात्पर्य" नसतं. आपल्याला लहानपणापासून गोष्टीच्या शेपटाला बोध बांधलेला बघायची सवय. म्हणून कुणी असं पुस्तक हातात घेतलं की उलटून-पालटून विचारतं, "पण यातून पोरानं शिकायचं काय?" मी उलट विचारते, आपण संध्याकाळी ओट्यावर बसून शेजारणीशी बोलतो तेव्हा कोणतं तात्पर्य काढतो? मन मोकळं होतं, एवढं पुरे असतं ना? मग लेकराला तेवढी मोकळीक का नको? यशचा हात मोडला तर तो रडेल, चिडेल, त्याला शाळा बुडाल्याचा आनंदही होईल. आपल्यालाही असंच होतं हे पोराला त्या पानावर दिसलं की ते त्या पुस्तकाचं होतं. चांगलं वागायला सांगणारी माणसं त्याच्या आजूबाजूला काय कमी आहेत?

आता दवनीवाड्याकडे येते. इथे घराघरात वेगळी भाषा. कुणाकडे पोवारी, कुणाकडे झाडीबोली, कुणाकडे हिंदी, काही घरांत गोंडी. बालाघाटकडची सून आलेली असेल तर तिचं बोलणं आणखी निराळं. पुण्याची पुस्तकी मराठी पोराच्या कानावर पडते ती थेट शाळेत. पहिलीतलं लेकरू गप्प बसतं ते मठ्ठ असतं म्हणून नाही हो, त्याला शब्दच अनोळखी असतात. अशा घरासाठी माधुरीताईंचं 'चित्रवाचन' मला फार कामाचं वाटतं. हे पुस्तक चित्रांचं आहे, बघायचं आणि बोलायचं. एकेका चित्रात कितीतरी माणसं, प्रत्येकाचं काहीतरी चाललेलं. आईनं मांडीवर घ्यायचं आणि विचारायचं, हा कोण, ही काय करते, तो का रडतो असेल? पोवारीत विचारा, झाडीत विचारा, चित्र काही चूक म्हणत नाही. आजीला अक्षर येत नसलं तरी चालतं. उलट मला तर वाटतं आजीच चांगलं सांगेल, तिच्याजवळ दम असतो. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं लहान मुलांना घरच्या भाषेतून शिकवा असं म्हटलं आहे. धोरण येईल तेव्हा येईल, मांडी तर आपली आहे.

एक तक्रार मात्र आहे, ती मोकळेपणानं मांडते. या पुस्तकांतली घरं बहुतेक शहरातली, शिकलेल्या नोकरदार माणसांची. आपल्या पोरांना त्यात सांदवाडी दिसत नाही, मोहफुलं वेचणारी आई दिसत नाही. रोवणीच्या दिवसांत बांधीत दिवसभर वाकून, पायाची बोटं पांढरी फटक झालेली बाई घरी येते आणि लेकरू तिला चिकटतं, हे कोणत्या चित्रात आहे? महाराष्ट्रात सारस पक्षी राहिले ते आपल्या धानाच्या बांध्यांतून आणि तलावांवर. त्याची जोडी आपल्या पोरांनी डोळ्यांनी बघितलेली असते, पण पुस्तकात मोर आणि पोपटच. मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या जंगलात राहून इथल्या पाखरांची, झाडांची नावं मोठ्यांच्या मराठीत नेली. लहानांच्या पुस्तकांत ते काम अजून बाकी आहे. हा काही माधुरीताईंचा दोष नाही. त्यांनी आपल्या डोळ्यांसमोरचं घर खरं काढलं. आपल्याकडचं घर काढायला आपल्याकडचीच कुणी लागेल. दिवाळीत भिंतीवर हातभर मोर काढणारी, दांडारीची सोंगं बघत वाढलेली एखादी पोरगी गावागावांत असते. बारावी झाली की आपण तिला शिवणकामाला बसवतो नाहीतर स्थळं बघतो. चित्र काढून पुस्तक होतं, त्यावर पोटही भरू शकतं, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

माधुरीताईंना मान मिळाला आहे. 2014 मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. 2016 मध्ये टाटा ट्रस्टच्या 'पराग'नं बिग लिटल बुक हा पुरस्कार सुरू केला, तेव्हा त्या पहिल्याच वर्षी लेखकाचा मान त्यांच्याकडे आला. पण पुरस्काराची बातमी गावात येते आणि पुस्तक येत नाही, अशी आपली गत. अंगणवाडीत वजनकाटा असतो, पोषण आहार असतो, पण पोरांच्या हाताला लागेल अशी गोष्टीच्या पुस्तकांची फळी असेलच असं नाही. असली तरी "फाडतील" म्हणून कपाटाला कुलूप! मोठ्या मुलींसाठी माधुरीताईंनी संपादित केलेली 'वाचू आनंदे'ची पुस्तकं आहेत, बाल गटाची दोन, कुमार गटाची दोन. मराठीतल्या चांगल्या लेखनाचे वेचे आणि सोबत चित्रं. आठवी-नववीच्या मुलीला मोबाईलमधून मान वर करायला लावतील अशी.

आमच्याकडच्या बायकांत आता असं बोलणं चाललं आहे की बचत गटाच्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीनं वीस-वीस रुपये वेगळे काढायचे. दहा-बारा बायकांचे दोन-तीन महिन्यांत एवढे जमतात की चार पातळ पुस्तकं येतील. हळदीकुंकवाला स्टीलची वाटी आणि प्लास्टिकचा डबा वाटतोच आपण, त्या पैशातूनही होईल. पुस्तकं एका घरी ठेवायची नाहीत, आठवड्याला घर बदलायचं. पुट्ठा निघाला तर खळ लावून चिकटवायचा, पान फाटलं तर फाटलं. एकीनं विचारलं, "आणि घेऊन गेलेलं पुस्तक कुणी परतच दिलं नाही तर?" मी म्हटलं, बरंच झालं की, म्हणजे त्या घरात पोराला ते सोडवेना. त्या महिन्यात तेच पुस्तक दुसरं मागवू.