पाणी आणि तारण

१८५२ सालीं अमेरिकन मिशनरी वाइल्डर कोल्हापुरास आले, तेव्हांपासून ‘बाप्तिस्मा’ हा शब्द या शहरास परिचित आहे. त्याचा अर्थ मात्र ख्रिस्ती पंथांतही एक नाहीं. रोमन कॅथॉलिक त्यास तारणास आवश्यक संस्कार मानतात. प्रेस्बिटेरियन विश्वासी आईबापांच्या तान्ह्यासही तो कराराची खूण म्हणून देतात. बॅप्टिस्ट म्हणतात, आधीं विश्वास, मग पाणी.

पाण्यावांचून तारण नाहीं, हें मत आम्हांस मान्य नाहीं. वधस्तंभावरील चोरास सुखलोकाचें अभिवचन मिळालें, तें कोणत्या जलसंस्कारानें? ‘तेथें इच्छाच बाप्तिस्म्याच्या ठायीं झाली,’ असें कोणी म्हणेल. मग तारक अंतःकरण ठरलें, पाणी नव्हे! रेव्हरंड टिळकांनीं १८९५ सालीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. तरी १९१७ सालीं ‘देवाचा दरबार’ स्थापितांना बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही त्यांनीं दार उघडें ठेविलें. आप्तांचा वियोग सोसवत नाहीं म्हणून उंबरठ्यावर थांबलेल्या भक्तास नरकाचें भय घालणारे उपदेशक टिळकांहून अधिक ख्रिस्ती आहेत काय?

मग बाप्तिस्मा व्यर्थ कीं काय? मुळींच नाहीं. मंगळसूत्रानें विवाह जगास कळतो, प्रेम त्यानें उपजत नाहीं. खूण टाकूं नये. पण खुणेसच धनी समजूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.