नावेचें उदाहरण आणि वाऱ्याचा वेग

जुन्या अंकगणितांत नावेचें एक उदाहरण हटकून असे. प्रवाहाबरोबर जातांना नावेस अमुक वेळ लागतो, प्रवाहाविरुद्ध येतांना तमुक. तर प्रवाहाचा वेग काय? ‘असल्या नावेंत बसतो कोण?’ हा प्रश्न आम्हांस वर्गांत पुष्कळदां ऐकावा लागला आहे. पालकही तोच करीत. त्यांस आतां उत्तर देतां येतें: त्या नावेंत ध्वनि बसतो!

वाऱ्याचा वेग मोजण्याचें परिचित यंत्र म्हणजे वाट्यांचें फिरतें चक्र. आयर्लंडांतील आर्माघ वेधशाळेचे रॉबिन्सन यांनीं तें १८४६ सालीं सिद्ध केलें. यंत्र इमानी खरें, पण जड. मंद झुळूक त्यास हालवीत नाहीं आणि वारा पडला तरी तें क्षणभर गरगरतच राहतें. ध्वनियंत्रांत फिरणारें कांहींच नाहीं. समोरासमोर दोन चकत्या असतात. एक बोलते, दुसरी ऐकते, आणि लगेच उलट. त्यांचा स्वर मात्र सेकंदास २०,००० कंपनांच्या वरचा, म्हणून आपल्या कानांस अगम्य.

समजा, चकत्यांमधील अंतर २१ सेंटिमीटर आहे. वाऱ्याबरोबर जातांना ध्वनीस सेकंदाचे ६०० दशलक्षांश लागले, उलट येतांना ६२५. म्हणजे एक वेग सेकंदास ३५० मीटर, दुसरा ३३६. वजाबाकी १४, तिचें अर्ध ७. हाच वाऱ्याचा वेग.

खरी खुबी पुढेंच आहे. ध्वनीचा वेग उष्णमानाबरोबर बदलतो. शून्य अंशावर तो सुमारें ३३१ मीटर असून दर अंशास ०.६ मीटरनें वाढतो. एकाच दिशेनें मोजलें तर वारा वाढला कीं ऊन, हें कळणार कसें? वजाबाकींत ती अडचण आपोआप उडून जाते. उलट, बेरजेचें अर्ध घेतलें तर ३४३ येतात, म्हणजे हवा सुमारें २० अंश सेंटिग्रेड. एका उदाहरणांत दोन उत्तरें! (दमटपणामुळें किंचित् फरक पडतो, इतकेंच.)

अशा तीन जोड्या तिरप्या बसविल्या म्हणजे वर चढणारा व खालीं उतरणारा वाराही सेकंदास वीस वेळां मोजतां येतो. शेजारीं बाष्प मोजणारें उपकरण ठेवून, शेतांतून किती पाणी हवेंत उडून जातें याचा हिशेब करितात. ज्याची विहीर उन्हाळ्यांत तळ दाखविते, त्यास या हिशेबाचें मोल सांगावयास नको.

चकत्यांवर पावसाचे थेंब बसले तर मात्र मापन बिघडतें. शिवाय किंमतही भारी. त्यामुळें वाट्यांचीं चक्रें ठिकठिकाणीं अद्याप फिरत आहेत.