पहिली हालचाल

परवा मधल्या सुट्टीत आमच्या वर्गात रडारड झाली. कराटेच्या क्लासला जाणाऱ्या एका मुलाने दुसऱ्याला लाथ मारली होती. "बाई, मी फक्त स्टेप दाखवत होतो!" तो म्हणाला. त्याच्या क्लासमध्ये शोतोकान पद्धतीचं कराटे शिकवतात. मी म्हटलं, "ही पद्धत सुरू करणारे गिचिन फुनाकोशी माझ्यासारखेच प्राथमिक शिक्षक होते. त्यांची गोष्ट ऐक." ऐकायला सगळा वर्गच सरसावून बसला!

जपानच्या दक्षिणेला ओकिनावा बेट आहे. तिथल्या शुरी गावात १८६८ साली फुनाकोशी जन्मले. दिवस भरण्याआधीच जन्मलेलं हे बाळ फारच अशक्त होतं. ते जगेल असं कुणाला वाटत नव्हतं. शाळेत असताना त्यांच्या वर्गमित्राचे वडील, अंको अझातो, त्यांना कराटे शिकवू लागले. पण त्या काळी तिथे कराटे चोरून शिकावं लागे, बरं का! म्हणून फुनाकोशी रात्री कंदील घेऊन गुरूंच्या घरी जात. तिथे एकच काता पुन्हा पुन्हा करायचा. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली. गुरूंचं समाधान झाल्याशिवाय पुढचा काता नाही. तीन काता शिकायला त्यांना दहा वर्षं लागली! तब्येत मात्र ठणठणीत झाली.

पुढे तीस वर्षांहून अधिक काळ ते शिक्षक होते. १९२२ साली त्यांनी टोकियोत कराटेची प्रात्यक्षिकं दाखवली आणि ते तिथेच राहिले. तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. पैसे नव्हते. एका वसतिगृहात खोली मिळाली, तिच्या बदल्यात त्यांनी राखणदारी केली, खोल्याही झाडल्या. आणि तिथेच कराटे शिकवलं.

ते कविता करत आणि खाली 'शोतो' अशी सही करत. शोतो म्हणजे पाइनच्या झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याची सळसळ. शिष्यांनी बांधलेल्या शाळेला म्हणून 'शोतोकान' नाव पडलं. १९४५ साली ती इमारत बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. पण विद्या थोडीच जळते? १९५७ साली फुनाकोशी वारले, तोवर त्यांचे शिष्य ती पुढे नेत होते.

'कराटे'चा अर्थ 'रिकामा हात' असाच घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. हातात शस्त्र नको, तसा मनात स्वार्थही नको. आणि कराटे येणाऱ्याने पहिला वार कधीच करायचा नाही, ही त्यांची शिकवण.

गोष्ट संपल्यावर मी त्या मुलाला म्हटलं, "तुझ्या पहिल्या कातातली पहिली हालचाल करून दाखव." त्याने आधी वाकून नमस्कार केला. मग डावीकडे वळून हात खाली आणला.

"हा वार आहे का रे?"

"नाही बाई. हे अडवणं आहे." एवढं बोलून तो गप्प झाला. मग आपणहून मित्राच्या बाकाजवळ गेला.

आईबाबा, मूल क्लासवरून आलं की "कुठला बेल्ट मिळाला?" असं आपण विचारतो. कधीतरी त्याला ही पहिली हालचालही करून दाखवायला सांगा!