विश्लेषण : कृषी विद्यापीठाच्या शेतात राबणाऱ्यांना नव्या कामगार संहितेचे कवच मिळणार का?

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झाल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेची चर्चा मुख्यतः कारखाने, खाणी आणि बांधकामांभोवती फिरते. पण विद्यापीठ हेही कामाचे ठिकाण आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठासारख्या संस्थेत तर प्रयोगशाळा, भातखाचरे आणि फळबागा असा सगळा पसारा असतो. तेथे काम करणाऱ्यांच्या सुरक्षेची जबाबदारी कोणाची?

धोके कोणते?

१९७२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाची केंद्रे कोकणभर आहेत. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळाचे, शिरगाव येथे भाताचे, तर वेंगुर्ल्यात फळांचे संशोधन चालते. कामानुसार धोका बदलतो. नारळ उतरवताना पडण्याची भीती असते. पावसाळ्यात लावणीच्या चिखलात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी पायाच्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिसला वाट करून देते. रत्नागिरीच्या कातळावर आणि गवतात फुरसे हा विषारी साप आढळतो. विंचूदंशाचा प्रश्न तर कोकणात इतका गंभीर होता, की महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्यावरील उपचारांच्या संशोधनात आयुष्य घातले. प्रयोगशाळेतील परिचराला आम्ले आणि फॉर्मालिन हाताळावे लागते.

फवारणीबाबत कायदा काय सांगतो?

हापूसच्या मोहोरावरील तुडतुड्यांसाठी हंगामात अनेकदा फवारणी होते. उंच झाडावर मारलेले औषध वाऱ्याने फवारणाऱ्याच्याच अंगावर येते. कीटकनाशके कायदा १९६८चा, तर त्याचे नियम १९७१चे. कीटकनाशकांच्या संपर्कात येणाऱ्यांची कामापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे, श्वसनासाठी साधने, प्रथमोपचार व उतारा आणि प्रशिक्षण या सगळ्यांची तरतूद त्यात पन्नास वर्षांहून अधिक काळ आहे. तरीही २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. नियम असणे आणि ते बांधापर्यंत पोहोचणे यांतले अंतर तेव्हा दिसले.

नवी संहिता विद्यापीठाला लागू होते का?

दहा किंवा अधिक कामगार असलेली, उद्योग, व्यापार वा व्यवसाय चालणारी आस्थापना संहितेच्या कक्षेत येते. केंद्र आणि राज्य सरकारची कार्यालये मात्र वगळली आहेत. कृषी विद्यापीठ ही कायद्याने स्थापन झालेली स्वायत्त संस्था, त्यामुळे ते नेमके कोणत्या बाजूला, यावर वाद होऊ शकतो. जुना इतिहासही असाच आहे. विद्यापीठ ‘उद्योग’ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या प्रकरणात म्हटले. १९७८च्या बंगळूरु पाणीपुरवठा निकालाने शिक्षणसंस्थांनाही उद्योगाच्या व्याख्येत आणले. १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात शिक्षक हे ‘कामगार’ नाहीत, असा निर्वाळा मिळाला. म्हणजे एकाच आवारातील प्राध्यापक, लिपिक आणि मजूर यांचा कायदेशीर दर्जा वेगवेगळा.

कंत्राटी मजुरांचे काय?

येथे संहितेचा शब्द बराच स्पष्ट आहे. सरकारी कार्यालयांना सूट असली, तरी तेथे कंत्राटदारामार्फत नेमलेल्या कामगारांना संहिता लागू होते. त्यांच्यासाठीच्या कल्याणकारी सुविधांची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर आहे. प्रत्येकाला नियुक्तिपत्र, ठरवून दिलेल्या वयोगटातील वा वर्गातील कर्मचाऱ्यांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी, धोक्याची माहिती मिळवण्याचा आणि तो वरिष्ठांना कळवण्याचा हक्क, या तरतुदी महत्त्वाच्या आहेत. रोजंदारीवरील मजुरासाठी नियुक्तिपत्र विशेष मोलाचे. अपघातानंतर ‘हा आमच्याकडे कामाला होता’ हे सिद्ध करण्याचा तोच पुरावा असतो.

प्रवासातील अपघात कामाचा मानतात का?

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या या विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरच्या सहलीला निघालेली बस पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात कोसळली. बसमधील फक्त एक जण वाचला. ती सहल होती, ड्युटी नव्हती. पण अशा वेळी कुटुंबांच्या हक्काचा प्रश्न किती अवघड होतो, हे त्या दुर्घटनेने दाखवले. घर ते कामाचे ठिकाण या प्रवासाबाबत आता अधिक स्पष्टता आहे. महाराष्ट्रातील साखर कारखान्याच्या एका रखवालदाराच्या मृत्यूप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, कामाशी संबंध सिद्ध होत असल्यास असा अपघातही भरपाईस पात्र ठरवला. सामाजिक सुरक्षा संहितेतही तशी तरतूद आहे.

पुढे काय?

संहिता कोणत्या कलमाने लागू होते, याचा निवाडा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. फवारणीचे नियम आजही बंधनकारक आहेत. खाचरात गमबूट, नारळावर चढताना सुरक्षा पट्टा, जवळच्या रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का याची आधीच खातरजमा आणि प्रत्येक अपघाताची नोंद, यांसाठी नव्या कायद्याची गरज नाही. शेतकऱ्यांना सुरक्षित फवारणीचे धडे कृषी विद्यापीठेच देतात. त्या धड्यांची पहिली कसोटी त्यांच्याच प्रक्षेत्रावर, हजेरीपटावरील शेवटच्या नावाशी लागते.